झाकलेलं पान

"…तिच्यात असं काय आहे बाई, जे माझ्यात नाही?"

सोपान घोलप मास्तरची मोटारसायकल अजून धड स्टँडवर चढली नव्हती, पायातली चप्पल निघाली नव्हती, आणि हा अंगणातूनच विचारून मोकळा झाला.

मोठ्या बाई पडवीत सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आधी पाणी पी," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई म्हणजे मथुरा साबळे. चौतीस वर्षं त्यांनी पहिलीचाच वर्ग घेतला. वरचा वर्ग दिला की रुसायच्या, हेडमास्तरकी दिली तर परत केली. पोरांना वाचायला कसं लावावं, हे तालुक्यातल्या निम्म्या मास्तरांना त्यांनीच शिकवलेलं. सोपानलाही शिकवलं, आणि जिच्या नावानं आज सोपानच्या पोटात दुखत होतं त्या, त्याच्याच शाळेत शेजारचा पहिलीचा वर्ग घेणाऱ्या कालिंदी तुपेलाही.

दुखणं असं होतं. केनियातल्या आणि इथल्या पहिलीच्या शिक्षकांची अदलाबदल ठरली होती. एकमेकांच्या वर्गात बसायचं, तिकडची पोरं कशी वाचायला लागतात, इकडची कशी, ते बघायचं. तिकडची वांजिरूबाई इकडं महिनाभर राहून गेली होती. आता इथलं एक माणूस तीन महिने तिकडं जाणार होतं. अख्ख्या तालुक्याला जागा एकच.

सोपाननं पासपोर्ट काढून ठेवला होता. त्याच्या बायकोनं तर आळीभर सांगूनसुद्धा टाकलं होतं. आणि नाव आलं कालिंदीचं.

तेव्हापासून गड्याला अन्न गोड लागत नव्हतं. शाळेत कालिंदी समोरून आली की हा भिंतीवरचा नकाशा बघत बसायचा. ती हसली की याला वाटायचं, आपल्यालाच हसली. जळत होता, सरळ सांगायचं तर. आतून जळत होता आणि वर म्हणत होता, मला काय त्याचं.

पाणी न पिताच त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला.

"अर्ज लिहिलाय. निवड थांबवून चौकशी करा म्हणून. सोमवारी ऑफिसात द्यायचाय. खाली तुमची सही पाहिजे, बाई. तुमचा शब्द तिथं कुणी मोडत नाही."

"मी सही केली तर?"

"तिचं जाणं थांबेल."

"आणि तुझं होईल?"

सोपान जरा घुटमळला. "ते नंतरचं नंतर."

बाईंनी कागद घेतला. उघडला नाही. बाजूच्या पितळी डब्याखाली सरकवून ठेवला आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

"ती केनियाची बाई तुझ्या वर्गात आली होती ना? काय झालं, ते सांग."

आता सोपानची कळी खुलली. याच प्रश्नाची तर तो वाट बघत होता.

"काय सांगू बाई… वर्ग असा घुमत होता. एका सुरात, एका दमात. मी हातानं ताल धरायचा आणि पोरांनी धडा वाचायचा. चाळीस पोरं, पण कुणी अडखळलं असेल तर शपथ. त्या बाईला मराठीचं एक अक्षर येत नाही, तरी बघत राहिली. मग काय केलं माहीत आहे? पुढं बसलेल्या एका पोरीच्या पुस्तकावर हात ठेवला. अख्खं पान झाकलं."

"मग?"

"पोरगी थांबलीच नाही. धडा संपवूनच गप्प बसली." सोपाननं मांडीवर थाप मारली. "पान झाकलं तरी वाचते. अशी तयारी आहे माझ्या वर्गाची."

बाईंनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

"तेव्हा पोरीचे डोळे कुठं होते?"

"माझ्याकडं. ताल मी देत होतो ना."

"हं… आणि कालिंदीच्या वर्गात?"

"तिथं नुसता बाजार. एक पोर इथं अडलंय, एक तिथं. कुणी बोट ठेवून बसलंय, कुणी मागं जाऊन तोच शब्द पुन्हा लावतंय. आणि ही त्यांच्यात फतकल मारून बसलेली. तिथंही त्या बाईनं एका पोरीचं पान झाकलं. पोरगी गपकन थांबली. थांबली ती थांबली, वर पाहुणीचा हात उचलून बाजूला केला. म्हणते, दिसत नाही." सोपान खिन्न हसला. "पाहुण्यांसमोर अशी शोभा. हे सगळं मी अर्जात लिहिलंय. आणि तरी तिला पाठवतात, बाई. तिला."

शेवटचा शब्द बोलताना त्याचा आवाज चिरकला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.



अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. सूप हललं, थांबलं.

"वाचून दाखव तुझा अर्ज," बाई म्हणाल्या. "चष्मा आत राहिलाय."

तांदळातला एवढासा खडा ज्यांना दिसत होता, त्यांना कागदावरचं अक्षर कसं दिसेना, हे सोपानच्या ध्यानात यायला हवं होतं. पण जळणाऱ्या माणसाला कुठलं ध्यान. बाईंनी डब्याखाली हात घालून घडी केलेला कागद त्याच्या हातात दिला, आणि यानं तो उलगडून गुडघ्यावर ठेवला. नजर होती बाईंच्या चेहऱ्यावर. कुठल्या वाक्याला त्यांची भिवई वर जाते, ते त्याला बघायचं होतं.

"माननीय महोदय," त्यानं सुरुवात केली, "मी खाली सही करणार, सोळा वर्षं पहिलीचा वर्ग घेत असून…"

वाचला की हो झकास. सात वेळा फाडून सात वेळा लिहिलेला अर्ज. अंघोळ करताना, गाडी चालवताना घोकलेला. कुठं आवाज चढवायचा, कुठं उतरवायचा, सगळं ठरलेलं.

तिसऱ्या वाक्याला बाईंनी हात पुढं केला आणि तळवा कागदावर ठेवला. पसरून. एक ओळ दिसेना.

सोपान थांबला नाही.

"…सदर शिक्षिकेच्या वर्गातील मुले पाहुण्यांसमक्ष वारंवार अडखळली, ही बाब तालुक्यास कमीपणा आणणारी असून…"

थेट "आपला विश्वासू"पर्यंत गेला. मग दम घेतला.

"कसा झालाय?"

बाईंचा हात अजून कागदावरच होता. सोपाननं त्या हाताकडं पाहिलं. सुरकुतलेला, तांदळाच्या कोंड्यानं पांढरा झालेला हात. त्याखाली कागद.

त्याच्या कानशिलात काहीतरी तापलं.

"छान म्हणून दाखवलंस," बाई म्हणाल्या आणि हात उचलला. "आता वाच."

सोपाननं खाली पाहिलं.

ते अक्षर त्याचं नव्हतं. गोल, सुटं, पहिलीच्या फळ्यावर असतं तसं अक्षर. हे अक्षर तो रोज शेजारच्या वर्गाच्या दारातून बघत होता. त्याचा अर्ज डब्याखालीच होता.

"बाई, हे तर कालिंदीचं…"

"परवा आलंय. बोट ठेवून वाच."

चाळिशीला आलेल्या माणसानं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"मोठ्या बाईंना… नमस्कार. निवड झाल्यापासून… सोपान सर माझ्याशी बोलत नाहीत. मला… मला वाईट वाटतं. मी नवीन होते तेव्हा मुलांचं बोट… शब्दावर कसं ठेवायचं ते…"

बोट तिथंच राहिलं.

"ते?" बाई म्हणाल्या.

"…ते त्यांनीच मला दाखवलं. आता ते सगळा वर्ग एका सुरात घेतात, पण तेव्हा एकेका मुलाजवळ बसायचे. वांजिरूबाईंना मी हेच सांगितलं, की हे मी… घोलप सरांकडून शिकले."

कोंबडी पडवीत चढली. कुणी हाकललं नाही.

"मी तीन महिने नसणार. माझी पहिली… दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला… मन होत नाही. सोपान सरांनी घेतली तरच… मी जाईन. त्यांना विचारायचा मला… धीर होत नाही. तुम्ही…"

पुढची ओळ पाण्यात गेल्यासारखी झाली. सोपान मागं गेला, तोच शब्द पुन्हा लावू लागला, पुन्हा थांबला. डब्याकडं पाहिलं. डबा हलवून आपला अर्ज बाहेर काढला, त्याच्या चार घड्या केल्या, आणखी चार केल्या, आणि मुठीत धरून बसला.

"बाई… मला पुढं येत नाही."

"अडलास?"

"हो."

बाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मग आता वाचतोयस."