म्हशींच्या पाटीवर अण्णांचा फोटो

सरपंच नरसूअण्णा छाती फुगवून सांगायचे, "या गावात माझ्या शब्दाबाहेर पान हलत नाही." मग आवाज खाली आणून स्वतःच भर घालायचे, "घरात मात्र चहा दोनदा मागितला तरी येत नाही."

अशा या अण्णांकडं तानूबाई चावडीवर आली. तिला म्हशी भादरायचं दुकान काढायचं होतं. केस कापायचं मशीन बहिणीनं दिलं होतं, गिऱ्हाइकं तर आत्तापासूनच दारात येऊन रेकत होती. अडलं होतं ते जागेपाशी. पाणी आणि वीज दोन्ही असलेली जागा गावात एकच, बाजारतळावरच्या हौदाजवळची, आणि तिच्या कागदावर अण्णांची सही लागायची.

अण्णांनी पेन उघडलं आणि आधी दुकानाच्या पाटीचं चित्र बघायला मागितलं. डावीकडं केसाळ म्हैस होती, उजवीकडं तीच म्हैस भादरून तुळतुळीत झालेली.

"मधे एवढी जागा रिकामी का?" म्हणत अण्णांनी खिशातून स्वतःचा फोटो काढला. डोक्यावर टोपी नव्हती, माथ्यावर टक्कल चमकत होतं आणि दोन्ही कानांवर केसांचे झुपके होते. "हा इथं मोठा करून लाव. खाली लिही, शुभेच्छुक. फोटो नाही तर सही नाही."

चावडीवरची माणसं तानूबाईकडं बघू लागली. तिनं फोटो दोन म्हशींच्या मधोमध ठेवून नीट न्याहाळला.

"लावते की अण्णा, माझं काय जातंय? पण हे मधलं अर्धंच भादरून का सोडलंस, असं गिऱ्हाइकानं विचारलं तर त्याला काय सांगू?"