वाकवून ठेवलेला बांबू

त्या वनात वड उरले नव्हते, म्हणून पारंब्यांवरचे खेळही उरले नव्हते. आता जिकडेतिकडे बांबूच होता.

दूरच्या बांबूवनात शिकून परतलेल्या तुरतुरी खारीला वाटलं होतं, आपण ते खेळ पुन्हा उभे करू आणि पिल्लं दिवसभर खेळतील. प्रत्यक्षात तिच्यापुढे आधी आली ती ओल्या मातीची पाटी.

जुना खेळ बांबूवर चालवून दाखवायचा, अशी स्पर्धा दरबाराने लावली होती. भाग घेणाऱ्याने पाटीवर पंजा उमटवायचा. वरचा मजकूर वाचायची तिथे रीत नव्हती. वाचणं म्हणजे दरबारावर अविश्वास.

"काय लिहिलंय, साळूकाका?" तिने कारकून साळिंदराला विचारलं.

"नेहमीचंच गं. बक्षीस मिळो न मिळो, खेळ दरबाराचा. त्यातली उडीही दरबाराची."

"पण खेळ तर वडावरच्या खारींचा होता."

"त्या येतायत का पंजा उमटवायला?" मागची रांग हसली. "उरक बाई, माती वाळतेय."

बांबूंखाली पिल्लं खेळाची वाट बघत, माना वर करून बसली होती. तुरतुरीने पंजा उमटवला.

पारंबी झुलते, बांबू झुलत नाही. म्हणून तिने स्वतःची रोजची उडी खेळात घातली: वजनाने शेंडा वाकवायचा, क्षणभर थांबायचं आणि तो उसळताना अंग झोकून द्यायचं. पिल्लं ओरडायचंही विसरली. बक्षीस मोराला मिळालं. तो बांबूखाली नुसता नाचला होता.

दरबाराने तिचा बांबू नमुना म्हणून दोरीने वाकवून ठेवला आणि भोवती काटेरी कुंपण घातलं. आत कुणी खेळत नव्हतं.

संध्याकाळी ती ओढ्यापलीकडच्या आपल्या घराकडे निघाली. काठावरचा शेंडा वाकवला तोच पहारेकरी वानराने तिची शेपटी धरली.

"ती उडी दरबाराची आहे, ताई. पाटीवरचा पंजा तुमचाच ना?"

"मला दुसरी येत नाही."

"मग शिका की. शिकण्यात तर हुशार आहात."

रात्र तिने अलीकडच्याच काठावर काढली. सकाळी पिल्लं आली. "मावशी, ती उडी शिकव ना."

तुरतुरीने पलीकडे पाहिलं, मग पिल्लांकडे. तिचं ठरलं. ती ओढ्यात उतरली आणि पोट भिजवत, चिखल तुडवत, एकेक पाऊल टाकत घराकडे चालू लागली.

पिल्लांना वाटलं, हाच नवा खेळ. तीही रांगेने मागे निघाली, आणि ओढ्याच्या ओल्या मातीत त्यांचे इवले पंजे एकामागून एक उमटत गेले.