चाळीस पावलांची कविता

एका नदीच्या अलीकडच्या काठावर एक पाठशाळा होती आणि तिची सगळी मुलं पलीकडच्या गावात राहायची. होडी नाही, पूल नाही. पोरांनी रोज दोनदा नदी पायी ओलांडायची. मग बुडत कशी नव्हती? तर त्या पाठशाळेत अक्षरं शिकवायच्या आधी एक कविता शिकवत. 'वडाला पाठ, कळसाला डोळा, चाळीस पावलं, मग डावीकडे वळा.' वड गावाच्या काठावर, कळस पाठशाळेजवळच्या देवळाचा; एवढं म्हणत यायचं, जाताना तीच वाट उलटी धरायची, की पाणी गुडघ्याच्या वर येत नसे.

ही कविता मुख्य गुरुजींच्या वडिलांनी रचलेली. गुरुजींचा तिच्यावर भारी जीव. मूल अडखळलं की ते शंभर वेळा म्हणून घ्यायचे, पण रागाने नाही हो, काळजीने. स्वतः मात्र ते पाठशाळेतच राहायचे. बारा वर्षांत त्यांचा पाय पाण्याला लागला नव्हता.

दर अष्टमीला दुपारी शिक्षकांची बैठक बसे. रीत अशी, की आधी गुरुजी बोलायचे. पाठशाळेचं कसं उत्तम चाललंय ते सांगून झालं की विचारायचे, "कुणाला काही सांगायचंय?" आणि विचारता विचारताच उपरणं झटकून उठायचे. सांगणार काय, कपाळ?

एका वर्षी नदीला मोठा पूर आला. पूर ओसरला, शाळा भरली, बैठक बसली. गणिताच्या बाई नव्या होत्या. त्यांनी धीर केला.

"गुरुजी, हल्ली मुलांचे कपडे कमरेपर्यंत भिजलेले असतात."

"आईबापांना सांगा, जादा जोडी द्या म्हणावं," गुरुजी म्हणाले. "आणि यंदा कवितेचे उच्चार फार ढिले झालेत. तिकडे लक्ष द्या."

बाईंनी मान खाली घातली. बाकीच्यांनी चुरमुरे खाल्ले आणि बैठक संपली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी गुरुजी काठावर येऊन उभे राहिले. पलीकडून मुलांची रांग पाण्यात उतरली. सगळ्यात पुढे शेवंती. पाठशाळेतली सगळ्यात हुशार पोर, कवितेत तर तिचा हात कुणी धरू शकत नसे. तिचा खणखणीत आवाज पाण्यावरून आला. "वडाला पाठ, कळसाला डोळा..." गुरुजींनी सुखाने डोळे मिटले. "चाळीस पावलं..."

आणि आवाज थांबला.

डोळे उघडले तर शेवंती नव्हती. मागची पोरं किंचाळत वडाकडे पळत होती. खालच्या अंगाला एक बाई म्हशी घेऊन पाण्यात होती. तिने हातातला लांब बांबू पुढे केला, पोरीची वेणी हाताला लागली तशी तिला ओढली आणि काठावर आणून पालथी घातली. पोटातलं पाणी निघालं. बऱ्याच वेळाने पोरीने डोळे उघडले. समोर गुरुजी दिसले.

"गुरुजी," ती पुटपुटली, "माझं कुठे चुकलं?"

गुरुजींच्या काळजात चर्र झालं.

ते म्हशीवालीला म्हणाले, "माय, मला पलीकडे ने." बांबूने तळ चाचपत तिने त्यांना भलत्याच वाटेने वडापर्यंत नेलं. तिथून तिचा बांबू हाती घेऊन गुरुजी वडिलांची कविता म्हणत निघाले. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. बत्तिसाव्या पावलाला बांबू तळाला टेकलाच नाही.

म्हशीवालीने त्यांना पाठशाळेच्या काठावर परत आणलं, आणि ओल्या धोतरानेच त्यांनी वाळूवर बैठक बसवली. "आज मी शेवटी बोलेन," म्हणाले आणि खरोखरच गप्प बसले.

कुणी बोलेना. गुरुजी उठले नाहीत. शेवटी गणिताच्या बाई म्हणाल्या, "पाणी कमरेवरून छातीवर आलं होतं, गुरुजी. रोज वाढत होतं."

"माझ्याकडे पोरांची दप्तरं भिजून यायची," अक्षरं गिरवून घेणारे मास्तर म्हणाले. "मला वाटलं, खेळतात पाण्यात."

कसरतीचे मास्तर म्हणाले, "मोठी मुलं लहानग्यांना खांद्यावर घेऊन यायची. मी त्यांचं कौतुक केलं."

गुरुजी हादरले. नदी बदलल्याचं ज्याला त्याला थोडं थोडं दिसलं होतं! "मग अरे, बोलला का नाहीत?"

म्हातारे अक्षरमास्तर हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही विचारलंत कुठे, गुरुजी? विचारल्यासारखं केलंत."

गुरुजींनी मानपान सगळा विसरून सर्वांसमोर डोळ्यांना उपरणं लावलं.

संध्याकाळी म्हशीवालीच्या वाटेने नदी ओलांडून ते शेवंतीच्या घरी गेले. पोर गोधडीत बसली होती. गुरुजी जमिनीवर टेकले.

"तुझं काही चुकलं नाही, बाळ. तू माझा शब्दन् शब्द ऐकलास. नदी हलली होती आणि मी बारा वर्षं तिच्याकडे पाहिलं नाही. चूक माझी."

शेवंतीने विचार केला. "मग कविता टाकून द्यायची?"

"नाही. दरसाल पूर ओसरला की आम्ही शिक्षक आधी पाण्यात उतरू, बांबूने तळ बघू. मग वडिलांच्या कवितेत पावलं किती ठेवायची, ते ठरवू."

तेव्हापासून त्या पाठशाळेत अष्टमीची बैठक नदीकाठी बसते. सगळ्यात नवा शिक्षक आधी बोलतो, मुख्य गुरुजी सगळ्यात शेवटी. आता कविता चोपन्न पावलांची झाली आहे. पुढच्या वर्षी किती पावलांची असेल, ते अजून कुणाला माहीत नाही.

तात्पर्य काय घ्यायचं, तर एवढंच: मुलं आपल्या शब्दावर विसंबून पाण्यात उतरतात. म्हणून शिकवणाऱ्यांनी दरसाल आधी स्वतः उतरून तळ पाहावा, आणि जो पुढारी असेल त्याने सगळ्यांचं ऐकून मग तोंड उघडावं.