टिचकूची शेंग चाकाखाली

त्या दिवशी थंडी होती. खूप थंडी. कोंबडा आरवला, तर त्याच्या चोचीतून वाफ निघाली. शेडच्या पत्र्यावरून दव गळत होतं. टप. टप. टप.

शेडमध्ये उभी होती शिदूआबांची गाडी. जुनी गाडी. सगळी निळी, एक दार तेवढं पिवळं.

त्या गाडीत राहायचा एक उंदीर. उंदीर कसला, टिचकीएवढा. म्हणून त्याचं नाव टिचकू.

टिचकू झोपायचा कुठं? गाडीच्या पोटात होता एक गोल डबा. डब्याला होती एक नळी. नळीतून आत शिरलं, की ऊबच ऊब. टिचकूनं तिथं कापसाची गादी केली होती. रोज थोडा कापूस आणायचा. रोज थोडा कोंबायचा.

शेजारी, भिंतीच्या बिळात, राहायची चिचुंद्रीमावशी. ती म्हणायची, अरे, माझ्याकडे ये. बीळ मोठं आहे. मी एकटीच आहे. टिचकू शेपटी उडवायचा. म्हणायचा, तुझ्या बिळात गार लागतं. माझ्याकडे गादी आहे.

तर त्या सकाळी काय झालं? टिचकूला सापडली एक शेंग. भुईमुगाची शेंग. हलवली की आत वाजायची. खुळ खुळ. अख्ख्या अंगणात तेवढी एकच उरली होती.

टिचकूनं शेंग ढकलली. ढकलत ढकलत उन्हात आणली. तिथं, गाडीच्या चाकापुढंच, होता एक खळगा. शेंग घरंगळू नये, म्हणून टिचकूनं ती खळग्यात ठेवली. मग बसला मिशा पुसत. जेवायच्या आधी मिशा पुसायच्या, असं त्याच्या आईनं शिकवलं होतं. आधी उजवी मिशी. मग डावी मिशी.

तेवढ्यात आबांनी गाडी चालू केली.

घुर्र घुर्र घुर्र. गाडी थरथरली.
खोक खोक. गाडी हातभर पुढं आली.
फुस्स. गाडी बंद पडली.

चाक आलं बरोबर खळग्यावर. शेंग खाली, चाक वर. टिचकूची एक मिशी पुसायची राहिली ती राहिलीच.

गाडीत मागं बसल्या होत्या सोनाक्का. त्यांना जायचं होतं बहिणीकडे. मांडीवर लाडवांचा डबा. त्या म्हणाल्या, "चालत निघाले असते, तर एव्हाना बहिणीकडे चहा झाला असता."

आबा काही रागावले नाहीत. गाडी चार दिवस अशीच करत होती. हळू केली की थरथरायची. थांबवली की विझायची. आबांनी बॉनेट उघडलं. म्हणाले, "रुसलीय. जरा वारा खाऊ दे तिला. चल, आपण इथंच चहा घेऊ."

दोघं गेली घरात. टिचकू आला चाकापाशी. तुरुतुरु तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा, जरा हल ना.
टिचकूची शेंग काही मिळेना."

चाक म्हणालं, "मी का आपल्या आपण हलतो? इंजिन ओढेल, तर मी हलेन."

टिचकू चढला वर. तुरुतुरु तुरुतुरु. गेला इंजिनाकडे.

"इंजिनकाका, इंजिनकाका, जरा ओढा ना.
चाक हलेना,
टिचकूची शेंग काही मिळेना."

इंजिन म्हणालं, "ओढायला अंगात आग लागते बाबा. प्लग पेटेल, तर मी ओढेन."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. गेला प्लगकडे. प्लग होता बोटाएवढा. तोंड सगळं काळं, काजळी फासल्यासारखं.

"प्लगभाऊ, प्लगभाऊ, जरा पेट ना.
इंजिन ओढेना,
चाक हलेना,
टिचकूची शेंग काही मिळेना."

प्लग म्हणाला, "माझं तोंड बघ. चार दिवस कच्चा घास येतोय. नुसता धूर होतो. कार्बोरेटर घास कालवेल, तर मी पेटेन."

कार्बोरेटर म्हणजे कोण माहीत आहे? गाडीच्या स्वयंपाकघरातली काकू. थोडं पेट्रोल घ्यायचं, खूप हवा घ्यायची. कालवायचं आणि घास भरवायचा. हेच तिचं काम.

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. गेला कार्बोरेटरकाकूकडे.

"कार्बोरेटरकाकू, कार्बोरेटरकाकू, जरा कालव ना.
प्लग पेटेना,
इंजिन ओढेना,
चाक हलेना,
टिचकूची शेंग काही मिळेना."

काकू म्हणाली, "कालवू कशात? पेट्रोल आहे, हवा कुठं आहे? वरण आहे, भात नाही. तो वरचा डबा दिसतो ना? डबा श्वास घेईल, तर मी कालवेन."

टिचकूनं वर पाहिलं. गोल डबा. डब्याला नळी.

अरेच्चा. हे तर त्याचंच घर.

टिचकू चढला. या वेळी जरा हळू. तुरु. तुरु. तुरु.

"डबाआजी, डबाआजी, जरा श्वास घे ना.
कार्बोरेटर कालवेना,
प्लग पेटेना,
इंजिन ओढेना,
चाक हलेना,
टिचकूची शेंग काही मिळेना."

डबाआजी बोलली. पण कशी बोलली? नाकात बोलली.

"बाझं दाक चोंदलंय रे."

म्हणजे काय? माझं नाक चोंदलंय रे.

टिचकूनं विचारलं, आजी, तुझं नाक कुठं आहे? आजी म्हणाली, ती नळी दिसते ना, तेच माझं नाक. टिचकूनं विचारलं, मग मी रोज तुझ्यात झोपतो, तू कधी बोलली का नाहीस? आजी म्हणाली, बोलणार कशी? नाकात हा एवढा बोळा. कापूस निघेल, तर मी श्वास घेईन.

टिचकू नळीत डोकावला. आत पांढरा पांढरा कापूस. मऊ मऊ कापूस. मधे टिचकूच्या पाठीचा खळगा.

"कापूसबाई, कापूसबाई, जरा नीघ ना.
डबा श्वास घेईना,
कार्बोरेटर कालवेना,
प्लग पेटेना,
इंजिन ओढेना,
चाक हलेना,
टिचकूची शेंग काही मिळेना."

कापूसबाई हळूच म्हणाली, "मला पाय आहेत का? ज्यानं आणलं, त्यानं न्यावं."

कुणी आणलं होतं?

टिचकूनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. तिसरं कुणी नव्हतं.

मग टिचकू खाली बसला. हळू आवाजात म्हणाला,

"टिचकू कापूस काढेना,
डबा श्वास घेईना,
कार्बोरेटर कालवेना,
प्लग पेटेना,
इंजिन ओढेना,
चाक हलेना,
टिचकूची शेंग काही मिळेना."

पहिला टिचकू. शेवटी पण टिचकूच.

त्याचे कान पडले. गादी काढली, तर झोपायचं कुठं? नाही काढली, तर खायचं काय? बाहेर थंडी. पोटात भूक. टप. टप. टप. पत्र्यावरून दव पडत होतं.

टिचकू उठला. दातात कापूस धरला. ओढला.

सुर्रर्र. एक बोळा खाली.
सुर्रर्र. दुसरा बोळा खाली.
सुर्रर्र. तिसरा बोळा खाली.

शेवटच्या बोळ्यात पाठीचा खळगा होता. टिचकूनं त्याच्यावर एकदा गाल टेकला. मग तोही ओढला. सुर्रर्र.

डबाआजीनं श्वास घेतला. हूऽऽऽश. म्हणाली, "बरं वाटलं रे बाळा." आता नाकात नाही, नीट बोलली.

तेवढ्यात आबा आणि आक्का आले. टिचकू उडी मारून दगडामागं लपला.

आबांना जमिनीवर कापूस दिसला. त्यांनी कापसाकडे पाहिलं. मग नळीकडे पाहिलं. नळीत बोट घालून पाहिलं. मग मिशीत हसले.

आक्का म्हणाल्या, "तरीच माझी उशी रोज पातळ होतेय. कुणी केलं हे?"

"ज्यानं भरलं, त्यानंच काढलं," आबा म्हणाले. "आपल्याला एवढंच काम ठेवलंय." त्यांनी बारीक जाळीचा तुकडा आणला आणि नळीच्या तोंडावर बांधला. हवा जाईल, उंदीर जाणार नाही. मग प्लग काढला, फडक्यानं पुसला आणि परत बसवला. प्लगचं तोंड उजळलं.

खाली पडून कापूस तर धुळीनं काळा झाला होता. आक्कांनी तो उचलला आणि भिंतीकडे टाकला. म्हणाल्या, आता उशीला नको, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.

आबा गाडीत बसले. किल्ली फिरवली.

टिचकूनं कापूस काढला,
डब्यानं श्वास घेतला,
कार्बोरेटरनं घास कालवला,
प्लग पेटला,
इंजिनानं ओढलं,
चाक हललं,
आणि टिचकूची शेंग? ती बघा. खळग्यात.

गाडी आता थरथरत नव्हती. खोकत नव्हती. गुरगुरगुर, गुरगुरगुर, मांजर झोपेत करतं तशी. फाटकापाशी आबांनी मुद्दाम थांबवली. गाडी विझली नाही. गुरगुरगुर. सोनाक्का म्हणाल्या, "थांबता कशाला? बहीण वाट बघतेय." आणि निळी गाडी पिवळं दार चमकवत निघून गेली.

टिचकूनं शेंग खळग्यातून काढली. हलवली. खुळ खुळ. फुटली नव्हती.

पण आता राहायचं कुठं? शेड रिकामी. अंगणात वारा. टिचकूनं शेंग पोटाशी धरली आणि तो भिंतीपाशी गेला. तुरु. तुरु. बिळाच्या दाराशी उभा राहिला. शेपटी उडवली नाही. मान खाली घातली.

आत पाहतो तर काय? चिचुंद्रीमावशीनं भिंतीकडचा सगळा कापूस ओढून आत नेला होता. झटकून झटकून पांढरा केला होता. त्याची गादी केली होती. मऊ मऊ गादी. चांगली रुंद.

टिचकू म्हणाला, "मावशी, तुझ्या बिळात गार लागतं, असं मी म्हणायचो."

 मावशीनं शेंग हातात घेतली. कट्ट. शेंग फोडली. एक दाणा टिचकूपुढं ठेवला. एक आपल्यापुढं ठेवला. टिचकू खाणार, तोच तिनं त्याची राहिलेली डावी मिशी पुसली. मग जरा सरकली आणि म्हणाली,

"शेंगेत दाणे दोन, बिळात आपण दोन. ये, आत ये, दारात वारा आहे."