अर्ध्या सुताचा वाक

"मग गाडी डावीकडं का ओढतीय, वस्ताद?"

"तुझा हात वाकडा हाय म्हणून."

हा इंद्रजितचा तिसरा एक्सल होता. उत्तर पहिल्या एक्सलचंच होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बळवंत लोहारांना नावानं कोणी हाक मारत नाही. सगळे वस्ताद म्हणतात. आयुष्यात ते एकही कुस्ती खेळले नाहीत. पण शर्यतीच्या गाडीची चासी आणि मागचा एक्सल बनवावा तो त्यांनीच, असं गाव मानतं. गावाला काहीतरी मानायला लागतंच.

इंद्रजित डिप्लोमा अर्ध्यात टाकून त्यांच्या शेडमध्ये आला, त्याला चार वर्षं झाली होती. या गाडीची चासी त्यानं एकट्यानं उभी केली. पाईप वाकवले, खाचा काढल्या, जोड मारले. वस्तादांना त्यात खोट काढता आली नाही, म्हणून ते त्यावर काही बोललेच नाहीत.

घोडं अडलं एक्सलवर.

चारशे मीटर सरळ पळायचं, एवढीच ही शर्यत. वळण नाही की काही नाही. मागची दोन चाकं एका रेषेत नसली तर मात्र गाडी सरळ जायचं सोडून देते. गेल्या रविवारी सरावात तिनं तेच केलं. डावीकडं गेली आणि कडेला मांडलेल्या पिंपांवर आदळली.

गाडीत इंद्रजितची थोरली बहीण शर्वरी होती. हनुवटीला सात टाके पडले.

येत्या रविवारी खरी शर्यत. टाके ओलेच होते, आणि चालवणार तीच होती.

"अक्का, एक्सल दुसऱ्या कुणाकडनं करून घे," इंद्रजित म्हणाला होता.

"तू नीट कर की," ती म्हणाली होती.

काम सांगायला सोपं आहे. जीपचा मागचा एक्सल घ्यायचा. रुंद टायर गाडीच्या आत बसावेत म्हणून त्याची नळी दोन्ही बाजूंनी कापून आखूड करायची. मग कापलेले तुकडे पुन्हा एका रेषेत जोडायचे.

रेष कुठली? वस्तादांच्या रॉडची.

पाच फुटी, मनगटाएवढा जाड, आरशासारखा घासलेला पोलादी रॉड. तो नळीच्या पोटातून आरपार घालायचा, तुकडे त्याच्या आधारानं बसवायचे आणि वेल्डिंग मारायचं. खंडेनवमीला शेडमधल्या सगळ्या हत्यारांत पहिलं हळदकुंकू त्याला. त्याच्या एका टोकाला तांबड्या रंगाची खूण होती. खूण कायम वर पाहिजे, रॉड फिरवायचा नाही, हा वस्तादांचा नियम. का, ते विचारायचं नाही, हा दुसरा नियम.

वस्ताद स्वतः एक्सल जोडायला बसले, की सगळ्या पोरांना चहाला पाठवायचे. वर स्वतःच्या पैशानं. पोरांना वाटायचं, म्हातारा तोंडानं फटकळ आहे, पण मायाळू आहे.

तयार एक्सल वस्ताद त्याच रॉडनं तपासत, आणि तो सरळ निघाला की त्यावर खडूनं एक रेघ मारत. ती रेघ दिसली की गिऱ्हाईक दुसरं काही बघत नसे. वस्तादांच्या प्रत्येक एक्सलवर ती होती. पोरांच्या एकाही एक्सलवर नव्हती.

"हात वाकडा," हे ऐकून ऐकून सहा जण शेड सोडून गेले. त्यातला दिनकर असा जोड मारायचा, की मुंग्यांची रांग चालली आहे असं वाटावं. तो आता गॅसचे सिलिंडर पोचवतो.

त्या दुपारी वस्ताद जेवायला घरी गेले.

इंद्रजितनं रॉड खाली काढला. रॉकेलच्या फडक्यानं त्यावरचं हळदकुंकू पुसलं. दोन ठोकळ्यांच्या खाचांत तो आडवा ठेवला, मधोमध वाक मोजायची डायल लावली, आणि चार वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.

रॉड फिरवला.

काटा हलला.

परत फिरवला… काटा परत तेवढाच हलला.

वस्ताद आले तेव्हा तो तसाच उभा होता.

"वस्ताद, रॉड वाकलाय."

वस्तादांनी डायलकडं बघितलंसुद्धा नाही. सावकाश शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"अर्धं सूत," ते म्हणाले.

अर्धं सूत म्हणजे दीड मिलीमीटर. डायल तेवढंच दाखवत होती.

इंद्रजितला आधी हसू आलं. मग त्याचे कान तापले.

"कधीपासनं?"

"अकरा वर्षं झाली. उचलताना चेन सुटली. माझ्याच हातनं पडला."

"आणि तुमचे एक्सल?"

"सरळ हायत."

"कसे?"

वस्तादांनी अंगठा वर केला. मग मनगट उलटं करून तोच अंगठा खाली केला.

"खूण वर ठेवून नळीवर एक रेघ आखायची. रॉड अर्धा फिरवायचा, दुसरी आखायची. दोन्हीच्या मधोमध जोडायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि ते आम्ही चहाला गेल्यावर."

"…व्हय."

बाहेर कुठंतरी ग्राइंडर चालू होता. इंद्रजितनं रॉड डायलखाली आणखी एकदा फिरवला.

"नवा रॉड करता आला असता."

"आला असता की."

"मग?"

"लोक रॉडचं नाव काढून यायची, इंद्या. माझं न्हवं. रॉड पडला म्हणून सांगितलं असतं तर…"



"दिन्या सिलिंडर वाहतोय, वस्ताद."

"ठाव हाय."

"अक्काच्या तोंडावर सात टाके हायत."



मग अडचणीत आलेली म्हातारी माणसं जे करतात, तेच त्यांनी केलं. आवाज खाली आणला, डोळे मऊ केले.

"लेका, सहा पोरं गेली. रॉड फिरवून बघणारा तू पयला. मी वाटच बघत हुतो, कोण तरी एक—"

"ते नको." इंद्रजितनं फडकं टेबलावर आपटलं. "पडला तेव्हा लाज वाटली तुम्हाला. लपवलात. अकरा वर्षं लपवलात. आता त्याला परीक्षा म्हणू नका."

वस्तादांनी दुमडलेल्या बाह्या परत खाली सोडल्या. 

"बरं," ते म्हणाले.

इंद्रजितनं चौथा एक्सल कापला. खूण वर, एक रेघ. रॉड अर्धा फिरवला, दुसरी रेघ. मधोमध वेल्डिंगचा टाका. मग समोरासमोरचे टाके, प्रत्येकानंतर थांबून, जोड हाताला सोसेल इतका निवू देऊन. वस्ताद स्टुलावर बसून होते. आज त्यांनी कुणाला चहाला पाठवलं नाही.

उन्हं कलली तेव्हा काम संपलं.

इंद्रजितनं नळीतून रॉड ओढून काढला आणि सरळ कटरखाली धरला. वस्ताद स्टुलावरून अर्धे उठले. ठिणग्या त्यांच्या धोतरापर्यंत आल्या. ते मागं सरले नाहीत, पुढंही आले नाहीत.

रॉडचे दोन तुकडे झाले. एक घरंगळत वस्तादांच्या पायाशी जाऊन थांबला.

"आता ह्याच्यापायी कुणाचा हात वाकडा ठरायचा नाही," इंद्रजित म्हणाला.

वस्तादांनी वाकून तुकडा उचलला. तो अजून गरम होता. तरी त्यांनी तो धरून ठेवला. टोकाच्या तांबड्या खुणेशी थोडी हळद राहिली होती, तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

इंद्रजितनं एक्सल उचलून त्यांच्यापुढं टेबलावर ठेवला. आता घरी जायला हरकत नव्हती. बोलायचं ते बोलून झालं होतं, तोडायचं ते तोडून झालं होतं. रविवारी अक्का यात बसणार होती.

तो गेला नाही. तिथंच उभा राहिला. एकदा एक्सलकडं बघितलं, एकदा वस्तादांच्या वरच्या खिशाकडं. खडू तिथं असायचा.

"तपासा," तो म्हणाला. आवाज त्याला नको होता तसाच निघाला. पहिल्या दिवशी शेडच्या दारात उभा होता तेव्हासारखा.

वस्तादांनी खडू काढला. एक्सलकडं बघितलं… मग दुसऱ्या हातातल्या तुकड्याकडं.

"कशानं?"