वीतभर जागा

"मग रविवारी लोकांना आनंदात राहा म्हणून सांगू तरी कोणत्या तोंडानं, बाई?"

आमोसनं मिशन दवाखान्यातल्या खाटेशेजारी उभ्याउभ्याच विचारलं.

खाटेवर तबीथाबाई पडून होत्या. मणक्याचा कर्करोग. आदल्या वर्षी एकुलता मुलगा शमुवेल गेलेला. लहानपणी संडे स्कूलमध्ये याच बाईंनी आमोसला प्रार्थना करायला शिकवलं होतं. आता तो चर्चचा पाळक होता. त्याचा उपदेश ऐकायला शेजारच्या गावांहून लोक यायचे, आणि त्याला ते ठाऊक होतं.

पण उन्हाळ्यात त्याची बायको लीदिया बाळंत झाली आणि बाळ रडलंच नाही.

"मला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला. "मी पाळकपण सोडतोय."

बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. तो बसला नाही.

"तुम्हाला देवाचा राग येत नाही?"

"येतो की."

"मग?"

"त्यालाच सांगते. दुसऱ्या कुणाला झेपणार?"

आमोसचं समाधान झालं नाही. देव दुःख का देतो, यावर त्यानं पुष्कळ वाचलं होतं. तो एकेक मत मांडू लागला. बाई ऐकत होत्या. मग मध्येच म्हणाल्या,

"लीदिया कुठंय?"

"बाहेर व्हरांड्यात. आत यायला नको म्हणाली."

"रडते का ती?"

"माझ्यासमोर नाही."

"आणि तू?"

"मी पाळक आहे, बाई..."

"बोलव तिला."

लीदिया आली ती खाली मान घालूनच. बाईंनी दोन्ही कोपरं गादीत रोवली आणि अंग भिंतीकडे सरकवायला लागल्या. कळ आली तशा ओरडल्या. नर्स धावत आली. बाईंनी तिला हातानंच थांबवलं आणि आणखी सरकल्या.

वीतभर जागा झाली.

"बस इथं."

लीदिया बसली.

"बाळाचं नाव काय ठेवणार होतीस गं?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आमोसनंही नाही.

"एलियाब," ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला.

बाईंनी तिला छातीशी धरलं. त्याही रडल्या, मोकळ्या गळ्यानं. त्याच आवाजात प्रार्थना करू लागल्या.

"प्रभू, आमचा एलियाब तुझ्यापाशी आहे. त्याला जप. माझ्या शमुवेलला सांग, याला खेळव म्हणावं. त्याला पोरांची फार हौस..."

"खरंच?" लीदियानं डोकं वर केलं.

"अगं, गल्लीतली सगळी पोरं त्याच्या सायकलवर लटकलेली असायची!"

लीदियाला हसू फुटलं. बाईही हसल्या. दोघींचे डोळे वाहतच होते.

आमोस बघत राहिला. मग गुडघ्यांवर बसला, लीदियाच्या पदरात तोंड खुपसलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडला. तिचा हात त्याच्या पाठीवर आला.

बऱ्याच वेळानं त्यानं वर पाहिलं. बाईंचा चेहरा वेदनेनं पांढराफटक पडला होता. आणि तरी इतका प्रसन्न चेहरा त्यानं कुठल्याच चर्चमध्ये पाहिला नव्हता.

"पण बाई, जखम तर तशीच आहे..."

तबीथाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"येशू मेलेल्यातून उठला, आमोस, तेव्हा त्याच्याही हातांवरच्या खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या. त्या बघूनच तर शिष्यांना त्याची ओळख पटली आणि आनंद झाला."