अवेळी चाललेली कुऱ्हाड

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, ही हकिकत फार जुन्या काळची आहे. त्या काळी डोंगरांच्या ओंजळीत एक लहानसे राज्य होते, आणि राज्याच्या अगदी कडेला एक गाव. गावात मोठे देऊळ नव्हते, बाजार नव्हता. होती ती फक्त आमराई. पण ती अशी होती, की भर उन्हात आत शिरलेल्या माणसाला बाहेर ऊन आहे याचा विसर पडावा. परगावचे वाटसरू दोन कोस वाकडी वाट करून तिथे भाकरी सोडायला येत.

या राईची राखण सुभानजीकडे होती. त्याच्या आधी ती त्याच्या बापाकडे होती. बाप कडक माणूस. त्याने पोराला झाडावर चढायला शिकवले, तसे झाड कापायलाही शिकवले.

तो म्हणायचा, "पाऊस सरू दे. रान सुकू दे. थंडीची चाहूल लागली की मगच झाडाला लोखंड लावायचं. पावसाळ्यात केलेली जखम भरत नाही, चिघळते. ओल्या जखमेचा वास भुंगेऱ्यांना लांबून येतो. ते तिथं अंडी घालतात, आणि मग त्यांच्या अळ्या झाड आतून खातात. त्याला भिरूड म्हणतात. भिरूड लागला की झाड वरून हिरवं दिसतं आणि आतून मेलेलं असतं."

कसे कापायचे तेही तो दाखवायचा. जड फांदीला आधी दोर बांधायचा. पहिला काप खालून, थोडासाच. दुसरा वरून, जरा पुढे. म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेत नाही. उरलेला खुंट मग बुंध्याजवळच्या फुगीर वळीपाशी उतरवायचा. वळीच्या आत जायचे नाही, की खुंटही लांब ठेवायचा नाही. जखमेवर शेण आणि गेरू लिंपायचा. आणि एका वर्षी थोडेच कापायचे, कारण पानांवाचून झाड उपाशी मरते.

सुभानजीला हे सगळे तोंडपाठ होते. एवढे ध्यानात ठेवा.

सुभानजीच्या घरी तिघी जणी होत्या. बायको गिरजा, विधवा थोरली बहीण आक्का, आणि मुलगी सोनकी. सोनकी उशिरा झालेली. नवसाची म्हणा, नशिबाची म्हणा, पण त्या घरातले सगळे बोलणे तिच्यापासून सुरू व्हायचे आणि तिच्यापाशी संपायचे. राईतल्या सर्वांत जुन्या आंब्याखाली ती दिवसभर खेळायची. त्याच्या दोन मुळांच्या बेचक्यात तिने बाहुलीचे घर मांडले होते. गिरजा धान्य निवडायला तिथेच बसायची. मायलेकींची बडबड घरापर्यंत ऐकू यायची.

एका वर्षी दिवाळी सरली तेव्हा आक्काने मान वर करून पाहिले. जुन्या आंब्याची एक मोठी फांदी वाळली होती. पाने गळलेली, साल सुटलेली.

"सुभाना, ती फांदी उतरवून टाक. आत्ता दिवस चांगले आहेत."

सुभानजीने वर पाहिले. "पाहिली आहे मी, आक्का. उतरवतो."

पण त्याच सुमारास घराचे छप्पर शाकारायचे निघाले. मग शेजारच्या गावची जत्रा आली. मग मोहोर आला, आणि मोहोरात झाड कशाला हलवायचे, असे झाले. आक्काने पुन्हा आठवण करून दिली तेव्हा तो हसला. "वाळली म्हणजे काय आज पडते? आंब्याचं लाकूड आहे, पापड नव्हे. पुढच्या थंडीत बघू."

सुभानजी आळशी नव्हता, बाळांनो. वाईट तर मुळीच नव्हता. तो फक्त तुमच्या-माझ्यासारखा होता.

वैशाखातली दुपार होती. वाऱ्याची झुळूक नव्हती. पान हलत नव्हते. गिरजा पाण्याचा तांब्या आणायला घरात गेली होती. सुभानजी राईच्या दुसऱ्या टोकाला आंबे उतरवत होता. त्याला एक आवाज आला, आधी कडाडल्याचा आणि मग धप्पकन. त्या आवाजानंतर सोनकीची बडबड ऐकू आली नाही.

तो धावत आला तेव्हा फांदी जमिनीवर होती, आणि फांदीखाली त्याची लेक होती.

पुढचे मी सांगत नाही. ज्यांच्या घरी असे झाले आहे त्यांना सांगावे लागत नाही, आणि ज्यांच्या घरी झाले नाही त्यांना ते कधी कळू नये.

सुभानजी त्यानंतर राईत गेला नाही. तो ओसरीवर बसून राहायचा. जेवायचा, पण चव सांगता यायची नाही. गिरजा मात्र रोज जायची. त्याच झाडाखाली, मुळांच्या त्याच बेचक्यापाशी बसायची. सुपात धान्य नसायचे. तिची बोटे नुसतीच सुपावर फिरत राहायची. आक्का संध्याकाळी जाऊन तिला हाताला धरून घरी आणायची. नवरा-बायकोत बोलणे उरले नव्हते.

आषाढ लागला. एके दिवशी सुभानजी ओसरीवर बसला असता पावसाची सर आली, आणि शेजाऱ्याची लहान मुलगी भिजू नये म्हणून पळत जाऊन जुन्या आंब्याखाली उभी राहिली. वर पाहत, हात पसरून, पानांतून गळणारे थेंब झेलत उभी राहिली.

सुभानजीच्या डोक्यात काहीतरी फुटले. तो ओरडत धावला. मुलीला ओढून बाहेर काढले. मग घरात गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला.

आक्का त्याच्या वाटेत उभी राहिली. "सुभाना, आत्ता नको. पावसाचे दिवस आहेत. बाबा काय सांगायचे ते आठव. ओल्या जखमेवर भिरूड येईल, आणि तो एका झाडावर थांबायचा नाही."

"झाडाची जखम तुला दिसते. माझी नाही दिसत?"

"तुझी दिसते म्हणूनच सांगते. चार महिने थांब. तोवर खाली कुणाला जाऊ देऊ नकोस, काट्यांचं कुंपण घाल. थंडी पडली की तू सांगशील ती फांदी उतरवू. मी स्वतः दोर धरीन."

"चार महिन्यांत आणखी कुणाचं पोर गेलं तर?"

यावर आक्का काही बोलायच्या आधीच तो झाडापाशी पोचला होता. गिरजा तिथेच बसली होती. तिने त्याला येताना पाहिले, सूप उचलले आणि निमूट बाजूला झाली.

त्याने दोर बांधला नाही. खालून काप घेतला नाही. तो घाव घालत सुटला. हिरव्या, जिवंत फांद्या पडताना खोडाची साल वीतभर, हातभर ओरबाडून नेत होत्या. जखमांतून चीक वाहत होता आणि त्यावर पाऊस पडत होता. गावकरी जमले. पोरांची भीती त्यांच्याही पोटात होती. कुणी म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. डोक्यावर मरण कशाला टांगून ठेवायचं?" तेही घरी गेले आणि कोयते-कुऱ्हाडी घेऊन आले. राईतल्या जवळजवळ प्रत्येक झाडाचे हातपाय त्यांनी तोडले.

काम संपले तेव्हा सुभानजी चिखलात बसला. त्याला वाटले होते, आता तरी छाती हलकी होईल. ती झाली नाही.

श्रावणात राईत लांब मिशांचे तपकिरी भुंगेरे दिसू लागले. सुरुवातीला कुणी लक्ष दिले नाही. पुढे बुंध्यांपाशी लाकडाचा बारीक भुसा पडू लागला, जणू आत कुणी सुतार बसला आहे. सालीतून काळपट डिंक ओघळू लागला. पुढच्या वर्षी मोहोर आला तो तुरळक, आणि तोही करपला. त्याच्या पुढच्या वर्षी जुन्या आंब्याची उरलीसुरली पाने एकाएकी पिवळी पडली. शेजारची झाडे त्याच्यामागोमाग गेली.

वाटसरूंनी वाट बदलली. मधमाश्यांनी पोळी सोडली. उन्हाळ्यात गुरे उभी करायला गावात सावली उरली नाही. सावलीच्या शोधात माणसे गुरे घेऊन डोंगरापलीकडे गेली, आणि काही घरे तिकडेच राहिली.

एका दुपारी सुभानजी राईत गेला. जुना आंबा उघडाबोडका उभा होता. गिरजा नेहमीच्या जागी बसली होती, पण आता तिच्या डोक्यावर ऊन होते. तिचे तोंड रापून काळे पडले होते.

"उन्हात कशाला बसतेस?" तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलत होता.

"इथे ती बसायची." गिरजाने मान वर केली नाही. "मी तिच्या सावलीत बसत होते. ती सावली तुम्ही नेलीत."

सुभानजी तिच्यासमोर खाली बसला. मग इतके दिवस छातीत रुतलेली गोष्ट त्याने बाहेर काढली.

"गिरजे, झाडाचा काही दोष नव्हता. ती फांदी वाळली होती. मी दिवाळीतच पाहिली होती. आक्काने सांगितलं होतं. मी उद्या-उद्या करत राहिलो."

"मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आक्का तुम्हाला सांगत होती तेव्हा मी दारातच होते." आता तिने मान वर केली. "तुम्ही आपणहून सांगाल, मग दोघं मिळून रडू, असं मला वाटत होतं. पण तुम्ही कुऱ्हाड घेऊन आलात."

त्या दिवशी ती दोघे मिळून रडली. पण त्या रडण्यालाही, बाळांनो, उशीर झाला होता.

सुभानजीने मग राईत जीव ओतला. तारेचा आकडा करून तो झाडांच्या भोकांतून अळ्या ओढून काढी आणि भोके चिखलाने बुजवी. कित्येकदा मेलेल्या फांद्या पाहून त्याचे हात शिवशिवत. पण पाऊस पुरता सरेपर्यंत त्याने लोखंड उचलले नाही. झाडांभोवती काट्यांचे कुंपण घालून तो थांबला. थांबणे हे किती कष्टाचे काम आहे ते त्याला तेव्हा कळले.

थंडी पडली. त्याने गावकऱ्यांना बोलावले आणि प्रत्येक काप त्यांच्यासमोर घेतला: दोर, खालचा काप, वरचा काप, वळीशी उतरवलेला खुंट, वर शेण आणि गेरू. दोराचे टोक धरायला आक्का पुढे झाली, पण आता ती थकली होती. तेव्हा गिरजा उठली आणि तिने दोर हातात घेतला. सबंध दिवस तिने दोर सोडला नाही. एकही फांदी तिने धाडकन पडू दिली नाही. प्रत्येक फांदी तिने हळूहळू, निजलेले मूल खाली ठेवावे तशी जमिनीवर उतरवली.

राईतली मोजकीच झाडे वाचली. जुना आंबा वाचला नाही. सुभानजीने नवी रोपे लावली, पण आंब्याची सावली पडायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते, आणि सुभानजीचे अर्धे आयुष्य आधीच सरले होते. त्या रोपांखाली बसण्याइतकी ती वाढली तेव्हा ना सुभानजी होता, ना गिरजा. तिथे बसली ती दुसऱ्यांची मुले.

त्या गावात मात्र रीत पडली. दिवाळी सरली की घरातले कर्ते माणूस सगळ्यात आधी अंगणात येते आणि मान वर करून आपली झाडे निरखते. वाळलेले काही दिसले, तर ते काम 'उद्या' म्हणून कुणी पुढे ढकलत नाही. आणि पावसाळ्यात कुणाचा हात कुऱ्हाडीकडे गेला, तर घरातली बाई तो हात धरते आणि आधी विचारते, "तुम्हाला नक्की कशाचा राग आलाय?"

तात्पर्य : वेळ असताना केलेली चालढकल एक जीव घेते, आणि दुःखाच्या भरात अवेळी केलेली घाई उरलेलेही घेऊन जाते.